वाघांची गणना, गणती की सुमारी?

जांबोटीकर: कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगड अभयारण्याविषयीचे एक कन्नड माहितीपत्रक मी खानापूर भागातील मराठी शाळांसाठी मराठीत करीत आहे. त्याचे शीर्षक ‘हुलि गणति’ असे आहे आणि दर १०० चौरस किलोमीटरमागे किती वाघ, याला ‘सांद्रते’ म्हटले आहे. मी ‘व्याघ्रगणना’ आणि ‘सांद्रता’ असे शब्द योजले. परंतु शाळेतील बाई म्हणतात की सांद्र असतो तो पाक. कोणता शब्द घ्यावा?

शहापूरकर: बाईंचे म्हणणे योग्य आहे. आपल्या भूगोलात लोकसंख्येची ‘घनता’च असते. कन्नडमध्ये जनसांद्रते रुळला म्हणून तो आपणही उचलावा, हे काही पटत नाही.

निपाणीकर: मला ‘गणना’ अधिक खटकते. एकेक करून मोजतात ती गणना. इथे समोरासमोर लावलेले दोन कॅमेरे वाघाच्या दोन्ही कुशी टिपतात, अंगठ्याच्या ठशाप्रमाणे पट्ट्यांवरून वाघ ओळखला जातो आणि तोच वाघ पुन्हा किती वेळा दिसतो, यावरून कधीच न टिपल्या गेलेल्या वाघांचा हिशेब मांडतात. शिवाय कॅमेऱ्यांच्या कडेला टिपलेला वाघ बाहेरही हिंडतो. तेवढे क्षेत्र धरले नाही, तर घनता उगाच फुगते. देशभरातील वाघांचा २००६चा १४११ हा आकडा सर्वतोमुखी झाला, पण अहवालातील ११६५ ते १६५७ हा पल्ला कोणाच्या लक्षात आहे? म्हणून मी ‘सुमारी’ सुचवतो. खानेसुमारीतही तोच शब्द आहे आणि ‘सुमारे’ही त्यातूनच आलेला आहे.

शहापूरकर: फारसीतील ‘शुमार’चा अर्थ मोजणी असाच आहे, अहो. शिवाय आज ‘सुमार’ म्हटले की दर्जाच आठवतो. ‘अंदाज’ पुरे.

निपाणीकर: ‘अंदाज’ तरी कुठला संस्कृत आहे?

कणकुंबीकर: माझे वडील वनखात्यात होते. पाणवठ्याच्या ओल्या मातीतील ठशावर काच ठेवून ते त्याची आकृती काढीत, आणि एकाच वाघाचे ठसे मातीगणिक वेगळे उमटतात, असे स्वतःच सांगत. तरीही त्या कामाला सगळे ‘गणती’च म्हणत. पद्धत बदलली म्हणून रुळलेला शब्द का बदलावा? खरी अडचण ‘वाघ’ या शब्दाची आहे. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, म्हणून पत्रकात ‘पट्टेरी वाघ’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर गावकरी दोघांची बेरीज करतील.

निपाणीकर: आणि रानकुत्रा? त्याच्या अंगावर पट्टे नाहीत, ठिपके नाहीत. त्यामुळे छायाचित्रावरून तो कोणता, हे ठरत नाही. त्यासाठी विष्ठेतील डीएनए तपासावा लागतो.

कणकुंबीकर: रानकुत्रा नव्हे, कोळसुंदा म्हणा.

शहापूरकर: कोळसून. ‘सून’ म्हणजे श्वान. शब्दाच्या शेपटीत कुत्रा सरळ दिसतो आहे.

कणकुंबीकर: आपल्याला शेपटीत दिसत असेल. आमच्या रानात तो कोळसुंदाच आहे.