खुर्चीची बैठक चौकटीत बसेना – आज उत्तर हवंय

सर्वांना नमस्कार. रजेवर घरी आलोय, गौरी तोंडावर, आणि जेवणाच्या टेबलाच्या सहाही खुर्च्या फाटलेल्या. गादीवाल्यानं ४,००० सांगितले, म्हणून स्वतःच बसलो. खालचे चार स्क्रू काढले, बैठक सुटी केली, जुन्या रेक्झिनवरूनच नवीन कापड ताणून पिना मारल्या. आता बैठक चौकटीत उतरतच नाही. चौकटीला रंधा मारू का? खानापूरच्या सागवानाच्या खुर्च्या आहेत, दादांनी करून घेतलेल्या. हात धजत नाही.
– टिळकवाडी

पावसात लाकूड फुगतं. दसऱ्यापर्यंत थांबा, आपोआप बसेल.
– खानापूरकर

काका, गौरी काय दसऱ्याला जेवायला येणार? भाऊजी, रंधा अजिबात नको. एकदा तासलेलं सागवान परत येत नाही. जुनं रेक्झिन काढा, अडचण तीच आहे. पिनेखाली बारका स्क्रू ड्रायव्हर घालून उचला आणि पकडीनं ओढा. मग कापड बैठकीपेक्षा चारी बाजूंनी ३ इंच जास्त घ्या. आधी पुढच्या बाजूच्या मधोमध एक पिन, मग मागे, मग दोन्ही कडांना, आणि तिथून कोपऱ्यांकडे सरका. कोपरे सर्वात शेवटी. तिथली जादा घडी कापून टाका, नाहीतर पुन्हा तिथेच अडेल. १८ इंची बैठक असेल तर ५४ इंच पन्ह्यात दोन निघतात, म्हणजे सहांना २ मीटर पुरे. जादा कापड घेऊ नका.
– शहापूरची वहिनी

पिनांची गन कुठली वापरताय? मंडळाची असेल तर वहीत नोंद नाही. हॉलच्या खुर्च्या केल्या तेव्हा वर्गणी काढून घेतली होती, तिच्यापायी किती बोलणी झाली ते सगळ्यांना आठवत असेल. विचारून न्यावी एवढंच.
– अनगोळ

गन माझ्याकडून गेली. नोंद राहिली, चूक माझी.
– वडगाव

फोमचं कुणीच बोललं नाही. आमच्याकडे स्वस्तातला मऊ फोम घातला, वर्षभरात फळी टोचायला लागली. सासूबाईंची कंबर दुखायची, त्या पाट घेऊन खाली बसायच्या. ४० डेन्सिटीचा २ इंची घ्या, पैसे कापडात वाचवा. काथ्या चांगला असेल तर तो मात्र फेकू नका, उन्हात टाका, पिंजा, वर पातळ फोम द्या.
– निपाणी

वहिनी, बसली! रेक्झिनच्या खाली आणखी एक कापड निघालं, हिरव्या चौकड्यांचं. आईनं हातानं टाचलेलं, मोळे गंजून त्याला तांबडे डाग पडलेत. दोन्ही काढल्यावर बैठक अंगठ्याच्या दाबानं आत गेली. काथ्या शाबूत आहे, गच्चीवर टाकलाय, ऊन पडलं की पिंजतो. पाच राहिल्यात. गन मंगळवारी हॉलवर आणतो, काका, नोंद माझ्या नावावर करा.
– टिळकवाडी

पिनांचं पाकीटही आणा, ते मंडळाचं आहे.
– अनगोळ