मदत हवी आहे: अटक न दाखवता फासेपारधी मुलाला पुन्हा पुन्हा ठाण्यात बसवून ठेवतात

नमस्कार मंडळी. मी निफाड तालुक्यात शाळेत शिकवते. प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा आहे. वय २१, समाज फासेपारधी, द्राक्षबागांत छाटणी आणि विरळणीची कामं करतो. आसपास कुठे घरफोडी झाली की गाडी आधी त्यांच्या वस्तीवर येते. चार महिन्यांत त्याला तीनदा उचललं. शेवटच्या वेळी मंगळवारी पहाटे नेलं ते गुरुवारी दुपारी सोडलं. ना गुन्हा, ना अटक, ना कोर्टात हजर केलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी गेले. ठाणे अंमलदार नीट बोलले. म्हणाले, "मॅडम, अटक कुठे केलीय? चौकशीला बसवलंय." मी विचारलं, मग आत्ता माझ्याबरोबर घरी येऊ शकतो का? त्यावर, "साहेब येऊ द्या." त्याची आई दोन दिवस फाटकाबाहेर बसून होती. भाकरी आत घेतली, भेट दिली नाही.

मी जमेल तेवढं वाचलंय. घटनेच्या कलम २२ प्रमाणे अटक केलेल्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर न्यावं लागतं. पण अटकच नाही म्हटलं की घड्याळ सुरूच होत नाही, असा यांचा हिशेब. १९९० मध्ये कस्टमच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं त्या क्षणापासून ती अटक. कागदावर नंतर कोणती वेळ टाकली याला अर्थ नाही. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने, तुरुंगातल्या जातिभेदाच्या निकालात, विमुक्त जमातींच्या (इंग्रजांच्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या, पुढे तो शिक्का काढलेल्या जमाती) लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांना स्पष्ट निर्देश दिलेत. मला तो निकाल वाचून रडू आलं. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. या मुलाच्या पणजोबांना रोज हजेरी द्यावी लागायची, आणि पणतू आजही कुणाच्या तरी कपाटफोडीचा हिशेब द्यायला बसतो.

आता अडचण. बंदी प्रत्यक्षीकरणाची (ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, अशी) याचिका मुंबईला उच्च न्यायालयात करायची म्हटलं तर वकील गाठेपर्यंत पोरगं सुटलेलं असतं. सुटल्यावर हातात काही नसतं, कारण तो तिथे होता असा कागदच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाप्रमाणे ठाण्यात सीसीटीव्ही आणि त्याचं चित्रण १८ महिने, निदान वर्षभर, जपून ठेवणं बंधनकारक आहे. ते चित्रण पुसू नका, असा अर्ज कुणाकडे द्यायचा? पोलीस अधीक्षक (ग्रामीण) की थेट न्यायालय? माहिती अधिकारात मिळवलंय का कुणी? स्टेशन डायरीची (ठाण्यातल्या रोजच्या नोंदवहीची) नक्कल कुणाला मिळाली आहे का?

दुसरं, वस्तीवाल्यांना धास्ती आहे की तक्रार केली तर चॅप्टर केस (गुन्हा नसताना चांगल्या वर्तनाची हमी मागणारी प्रतिबंधक कारवाई) लावतील आणि तहसीलदारांपुढे बाँडसाठी खेटे घालावे लागतील. ही भीती खरी आहे. असं झालं तर काय करायचं, हे अनुभवी वकिलांनी सांगावं.

"त्याने काहीतरी केलं असेलच" असं कृपया लिहू नका. केलं असेल तर गुन्हा दाखल करा, कोर्टात न्या, वकील द्या. तेवढंच तर मागतोय.

भर (रविवार): १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक सुचवणाऱ्यांचे आभार. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन आले. अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे तिथे पक्कं कळलं. अर्ज भरलाय. वस्तीवरच्या आठ-दहा बायकांना तो क्रमांक फोनमध्ये टाकून दिला, आणि कुणालाही नेलं की गाडीचा नंबर व वेळ लगेच मला पाठवायची, असं ठरलंय.

मुलाशी काल निवांत बोलले. त्याला कुणाला शिक्षा व्हायला नको आहे. मुकादमाने त्याला छाटणीच्या मजुरांच्या टोळीतून काढलंय, "पोलीस तुझ्यामागे असतात" म्हणून. त्याला एवढंच हवंय की मंगळवार ते गुरुवार ठाण्यात ठेवलं आणि काही सापडलं नाही, हे कुणीतरी लिहून द्यावं. असं लेखी कुणी कधी मिळवलंय का? अर्जाचा मराठी मसुदा असेल तर इथेच टाका. सोमवारी मी पुन्हा नाशिकला जातेय.