मदत हवी आहे: स्वस्त चिनी पेनात सुकणारी शाई

माझ्याकडील झाकलेल्या निबेचे (जिचे फक्त टोक बाहेर दिसते असे) स्वस्त चिनी फाउंटन पेन नाशिकच्या या कोरड्या उन्हाळ्यात रात्रभर बंद राहिले की सकाळी पहिल्या दोन-तीन ओळी उमटतच नाहीत. निब व फीड (निबेला शाई पुरवणारा तिच्याखालचा भाग) साध्या पाण्याने धुतले, कन्व्हर्टरही (पेनातील शाई भरण्याची नळी) बदलला. तीच निळी-काळी शाई दुसऱ्या पेनात मात्र सुरळीत वाहते. टोपणात फुंकून पाहिले असता क्लिपपाशी थोडी हवा निसटते, आणि खरी गोम तिथेच असावी. शाई जास्त यावी म्हणून निबेच्या फटीत ब्लेड घालण्याचे धाडस केलेले नाही. हिशेबाच्या वहीसाठी पाण्याने सहज न पुसणारी शाई लागते; परंतु शेलॅक (लाखेपासूनची राळ) असलेली चित्रकलेची शाई फीड तुंबवते, म्हणून ती नको. क्लिपपाशी मेण लावून टोपण हवाबंद करता येईल का, की 300 रुपयांच्या आत मेन रोडच्या दुकानांत मिळणारी, अधिक ओली वाहणारी एखादी निळी-काळी शाई सुचवाल?