अनुभव धागा : टाळेबंदीत आलेला पीएम-किसानचा हप्ता

२०२० च्या टाळेबंदीत केंद्राने जाहीर केलेले शेतकऱ्यांचे दोन हजार कुठे अडले, का अडले, पीककर्जाच्या सवलतीचं काय झालं? ज्यांनी अर्ज भरले, नोंदी तपासल्या, पैसे वाटले त्यांनी लिहा. रडगाणं नको, नेमकं लिहा.

सातबारा
आधी एक गैरसमज काढा. ते दोन हजार वरचे नव्हते. २६ मार्च २०२० ला घोषणा झाली ती पीएम-किसानमध्ये शेतकऱ्याला मिळणाऱ्या वर्षाच्या सहा हजारांतलाच एप्रिल-जुलैचा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीला सोडण्याची. 'करोनाचे वेगळे कधी येणार' म्हणून तलाठ्याकडे हेलपाटे घालणं फुकट होतं.
लाभ कुटुंबाला एकच : नवरा, बायको, अज्ञान मुलं. सज्ञान मुलाच्या नावावर १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत जमीन लागलेली असेल तर तो वेगळा. त्यानंतर वारसाने लागलेली चालते, खरेदीची नाही. आयकर भरणारा बसत नाही. बसवला तर वसुलीची नोटीस ठरलेली.

सेतूवाला
पीएम-किसानच्या पोर्टलवर 'बेनिफिशियरी स्टेटस' (आता 'नो युअर स्टेटस') उघडा आणि तिथली ओळ वाचा. 'वेटिंग फॉर अप्रूव्हल बाय स्टेट' असेल तर कागद सरकारी टेबलावर आहे, बँकेत जाऊन उपयोग नाही. 'आरएफटी साइन्ड' म्हणजे राज्याने मागणी सही करून पाठवली. 'एफटीओ जनरेटेड' म्हणजे पैसे सोडायचा आदेश निघाला, आता थांबायचं.
खरा खोळंबा नावाचा. सातबाऱ्यावर ज्ञानदेव, आधारवर ज्ञानेश्वर, अर्जात इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. अर्जातलं नाव आधारवर छापलंय तसंच्या तसं हवं, वडिलांचं नाव मधे की शेवटी हेसुद्धा. पोर्टलवर 'एडिट आधार फेल्युअर रेकॉर्ड्स' मधून घरबसल्या दुरुस्त होत होतं.

काउंटर नं. ३
नाव जुळलं तरी पैसे परत जायचे, त्याचं एक कारण बँकांचं विलीनीकरण. देना आणि विजया २०१९ मध्येच बँक ऑफ बडोदात गेल्या; १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये. शाखांचे जुने कोड (आयएफएससी) लगेच मेले नाहीत, म्हणून खाते क्रमांकावर येणारे २०२० चे हप्ते बिनबोभाट जमा झाले. अडचण २०२१ मध्ये जुने कोड बंद झाल्यावर उगवली.
आधारवर येणाऱ्या पैशाचं गणितच निराळं. तो अर्जातल्या खात्यात जात नाही. शेवटी ज्या बँकेने आधार जोडलं तिथे जातो. कधीतरी सिमकार्डाबरोबर उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात हप्ता पडून असतो आणि माणूस जिल्हा बँकेचं पासबुक छापून घेत बसतो. मोबाइलवरून *९९*९९*१# लावा, बँकेचं नाव कळतं.

बँकमित्र
पैसे काढताना मशीनवर अंगठा न उमटणं ही नेहमीचीच कटकट. ऊसतोड, कांदाकाढणी केलेल्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या. त्यात सॅनिटायझर. ओलं बोट काचेवर ठेवलं की नकार येतोच. बोट पूर्ण वाळू द्या, काच कोरड्या फडक्याने पुसा, अंगठा जमत नसेल तर अनामिका लावून बघा. पैसे खात्यातून वजा झाले आणि हातात आले नाहीत तर लगेच दुसऱ्यांदा अंगठा देऊ नका. पावती मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी, पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई.

गटसचिव
दोन हजारांची चर्चा फार झाली, पैसा खरा वाचला तो पीककर्जात. तीन लाखांपर्यंत वेळेत फेड केली की ७ टक्क्यांचं व्याज ४ वर येतं. ही 'वेळ' आधी ३१ मे, मग ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवली. पण लोकांनी हप्ते पुढे ढकलणं (मोरेटोरियम) म्हणजे व्याजमाफी असा अर्थ लावला. ट्रॅक्टरच्या कर्जाचे सहा महिन्यांचे हप्ते थांबवले तरी व्याज चढतच होतं, आणि नोव्हेंबरात त्या काळातलं व्याजावरचं व्याज परत दिलं त्यात पीककर्ज नव्हतं, ट्रॅक्टरही नव्हता.

सेतूवाला
@गटसचिव, ट्रॅक्टरचं अजून लोक विचारतात. कर्जखात्याचा उतारा काढून 'मोरेटोरियम इंटरेस्ट'ची वेगळी नोंद दाखवली की मगच पटतं.