महापालिकेतील सत्ता बदलली की नेमके काय बदलते?

सिडकोकर:
२०१२ मध्ये नाशिक महापालिकेत मनसेचे ४० नगरसेवक निवडून आले होते. २०१७ मध्ये ते ५ उरले आणि भाजप १४ वरून ६६ वर गेला. एवढी उलथापालथ होऊनही आमच्या भागात फारसा फरक जाणवला नाही. सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेल्यावर प्रत्यक्षात कोणते अधिकार हलतात आणि आधी मंजूर झालेली कामे रद्द होतात का, हे जाणकारांनी सांगावे. आमच्या कॉलनीच्या रस्त्याचा ठराव झाला होता, पुढे काहीच हालचाल दिसली नाही.

पंचवटीकर:
महापौरांच्या खुर्चीपेक्षा स्थायी समितीकडे लक्ष ठेवा. तिचे १६ सदस्य पक्षीय बलाबलानुसार नेमले जातात, त्यांतील निम्मे दरवर्षी निवृत्त होतात आणि मोठ्या खर्चाच्या प्रस्तावांना मंजुरी तिथेच मिळते. १२२ जागांच्या सभागृहात बहुमताला ६२ लागतात. मनसे सर्वांत मोठा पक्ष असूनही त्याला यतिन वाघ यांना महापौर करण्यासाठी भाजपची आणि २०१४ मध्ये अशोक मुर्तडक यांच्यासाठी काँग्रेस-राष्ट्रवादीची साथ घ्यावी लागली. म्हणजे त्या पाच वर्षांत निवडणूक न होताच सत्तेचे गणित एकदा बदलले होते.

गंगापूर रोडवासी:
हे खरे असले तरी स्पष्ट बहुमतानेही सर्व काही हाती येत नाही, कारण कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. २०१८ मध्ये करवाढीवरून तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध सत्ताधारी भाजपच्याच नगरसेवकांनी अविश्वास ठराव आणला आणि तो त्यांच्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून मागे घ्यावा लागला. मुंढे यांची बदली झाली ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, तीही शासनाच्या आदेशाने. नाशिककरांनी मत दिले पालिकेसाठी, पण निर्णय झाला मुंबईत, असेच मला तेव्हा वाटले.

पंचवटीकर:
मान्य. आता रस्त्याबद्दल. कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) निघालेले काम हा ठेकेदाराशी झालेला करार असतो, त्यामुळे सत्ता बदलली म्हणून ते आपोआप रद्द होत नाही. मात्र नुसता ठराव झाला असेल आणि निविदाच निघाली नसेल, तर नव्या अंदाजपत्रकात त्याला तरतूद मिळेलच असे नाही, आणि खरी कात्री तिथेच लागते. ठरावाची तारीख व क्रमांक घेऊन आपल्या विभागीय कार्यालयात निविदा निघाली होती का, एवढेच विचारा. तोंडी उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करा.

सिडकोकर:
ठरावाची प्रत माझ्याकडे आहे. सोमवारी जाऊन येतो.