हिवरे बाजारचं श्रेय पोपटरावांचं की गावाचं?

माळरान: काल इथं कुणीतरी लिहिलं, "प्रत्येक गावाला एक पोपटराव पवार मिळाला की दुष्काळ संपला." डोकं फिरलं वाचून. नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी हिवरे बाजारला पाणीदार करणारे म्हणून त्यांचं नाव: १९८९ पासून सरपंच, नंतर उपसरपंच, पुढं पद्मश्री. माणूस मोठाच आहे. पण डोंगरावरचे पाणी अडवणारे चर रोजगार हमीच्या मजुरांनी खोदले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी गावानं पाळली. नाव मात्र एकाचंच?

पारनेरी: रोजगार हमी आमच्याकडेही होती. चर कधीच बुजले. शेळ्या सोडणाऱ्याला अडवायचं कुणी? शेवटी सगळे भावकीतलेच. तिथं एम.कॉम. झालेला माणूस गावात राहून नेटानं वाईटपणा घेत राहिला.

विहीरवाला: श्रेय राहू द्या, बोअरचं बोला. तिथं शेतीला बोअर बंद, ऊस-केळी बंद. माझ्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर शेजाऱ्यानं बोअर मारलं, उन्हाळ्याआधीच विहीर उघडी पडली. ग्रामसभेत उत्तर काय, तर जमीन त्याची, पाणी त्याचं!

ऊसकरी: म्हणजे ऊसवाला चोर? ज्वारीला भाव काय मिळतो? कारखाना एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, तरी देतो. पोरीची फी ज्वारीवर भरून दाखवा.

विहीरवाला: फी तुमच्या पोरीची, आटली माझी विहीर! तिथं दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी प्यायला, मग जनावरांना, उरेल त्यावर पिकं. आपल्याकडं आधी ऊस, मग टँकर.

ऊसकरी: त्यांना कांदा, भाजी, दूध विकायला नगर जवळ आहे. आमचा भाजीपाला बाजारात पोचेपर्यंत सुकतो. ते कोण बोलणार?

माळरान: अहो, विषय काय होता! इतकी वर्षं बिनविरोध निवडणूक, याचं सगळ्यांना कौतुक. मला ते खटकतं. विरोधात बोलायची सवयच मोडते. उद्या हे नियम कोण राखणार?

पारनेरी: २०२१ ला झाली की निवडणूक. सातही जागा त्यांच्या पॅनेलच्या आल्या.

माळरान: ठीक, तेवढं मान्य. लोकांनी मतानं कौल दिला. पुढच्या पिढीचा प्रश्न मी सोडणार नाही.

ऊसकरी: माझंही ऐका. बोअरबंदी सगळ्या शिवाराला एका दिवशी लावा, मी ऊस मोडतो. एकटा मोडणार नाही.

विहीरवाला: मग ग्रामसभेत तुमच्या गावात ठराव मांडा. मी माझ्या गावात मांडतो. अनुमोदन द्यायला कोण उभं राहतं, ते इथं येऊन सांगा.