सरकी पेंडीला बुरशी लागली, वाळवून म्हशींना घातली तर चालेल का?

प्रश्न (राधानगरी भाग)
पावसानं गोठ्याच्या माळ्यावरचा पत्रा गळला आणि सरकी पेंडीची चार पोती भिजली. वरनं ठीक दिसतात पण पोतं फोडलं की आत गोळे झालेत, हिरवट पिवळी बुरशी आणि कुबट वास. घरात म्हणतात ऊन पडलं की वाळवू आणि चांगल्या पेंडीत थोडी थोडी मिसळून घालू. दोन म्हशी दुधात आहेत, एक गाभण. पेंडीचे दर बघता टाकवत नाही हो. काय करू?

गोठा_करवीर
दादा नका घालू. उन्हात बुरशी मरंल पण तिनं तयार केलेलं विष, आफ्लाटॉक्सिन, ते पेंडीतच राहतं, आणि चांगल्यात मिसळलं तर चांगली पेंड पण वाया. जनावरानं खाल्लं की लिव्हरमध्ये त्याचं एम१, म्हणजे त्याच विषाचं दुसरं रूप, होतं आणि एका दिवसाच्या आतच दुधात उतरायला लागतं, दूध उकळलं तरी जात नाही. आपल्याकडं दुधात त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. तेच दूध आपली पोरं पण पितात की. आधी घातली असंल तर आजच बंद करा, ३-४ दिवसांत दुधातलं प्रमाण बरंच खाली येतं.

पशुसेवा_भुदरगड
वरच्यांनी बरोबर सांगितलं. गाभण म्हशीला तर अजिबात नको. लक्षणं लगेच दिसतातच असं नाही, वैरण कमी खाणं, दूध घटणं, शेण पातळ होणं, असं हळूहळू दिसतं, रेडकांना जास्त बाधतं. म्हस सुस्त वाटली तर डॉक्टरांना बोलवा आणि पेंडीचं सगळं सांगा. टॉक्सिन बाइंडर मिळतो, बेंटोनाइट मातीचा वगैरे, तो विष थोडंफार धरून ठेवतो पण कुजलेली पेंड त्यानं चांगली होत नाही, कोण काय पण सांगू दे. कोंबड्यांना पण टाकू नका, त्यांना जास्त लागतं. तोंडाला फडकं बांधून पोती उचला आणि लांब खड्ड्यात पुरा.

शिरोळकर
पुढच्या वेळंसाठी सांगतो, पोती जमिनीवर नाही तर लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपास्नं हातभर लांब, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या वर माल भरूच नका. मका भरडा तर अजून लवकर धरतो, दळायच्या आधी दाणा दाताखाली कडक वाजला पाहिजे. शेंगपेंड घेताना पण पोतं आतपर्यंत हात घालून बघा, गरम लागलं तर परत. मुरघासाच्या तोंडाशी पांढरी काळी बुरशी दिसली की तेवढाच थर नाही तर आजूबाजूचा पण काढून टाका.

प्रश्नकर्ता
घरच्यांना वाचून दाखवलं. दोन दिवस थोडी घातली होती, आज सकाळपास्नं बंद केली, उद्या डॉक्टर येणार हायत. तोवर घरात प्यायला शेजारनं दूध घेतोय. संस्थेत घालायच्या दुधाचं काय करू, तिथं सांगू का?

पशुसेवा_भुदरगड
हो सांगाच. ३-४ दिवस ते दूध घालू नका, रेडकाला पण पाजू नका.